खोडव्याच्या चांदण्या

दादा,

तुझ्या तेराव्याला लोक जे बोलले त्यातलं निम्मं मला पटलं नाही. भोळा माणूस गेला म्हणाले. कुणाच्या अध्यात ना मध्यात म्हणाले. मी त्यांच्यात बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे नेमकं कुणाबद्दल चाललंय? तू कसला भोळा! तुझ्याइतका हट्टी माणूस देवळाली प्रवरेत दुसरा नव्हता, आणि दुसरी होती ती लग्न होऊन पारनेरला गेली. तुझ्या नोकरीवर बोलले, तुझ्या सरळपणावर बोलले. बाहेरच्या खोलीत तू पाळलेल्या समुद्राबद्दल मात्र एकानेही तोंड उघडलं नाही. त्याच खोलीत चपला काढून, टँकला पाठ करून बसले होते सगळे.

म्हणून मी लिहायला बसले. तीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलंय, त्यामुळे मुद्दा सोडून बोलायची मला सवय नाही. मुद्दा एवढाच, की आपल्यातला एक वाद अर्धा राहिला होता आणि तो आता मिटला आहे. त्याचा निकाल तुला कळवायचा आहे.

निवृत्तीच्या वर्षी तू गुडघे दाखवायला पुण्याला गेलास. दवाखान्यात भिंतीला खाऱ्या पाण्याचा टँक होता आणि नंबर येईपर्यंत तू त्याच्यासमोर दोन तास उभा राहिलास. गुडघे दुखतात म्हणून गेलेला माणूस दोन तास उभा! वहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले होते. पुढच्या दोन महिन्यांत पुण्यातल्याच एका हौशी माणसाचा तीन फुटांचा जुना टँक तू टेम्पोत घालून घरी आणलास. मासे, दगड आणि त्या माणसाने टँकमध्येच वाढवलेली कोरलं, म्हणजे जिवंत प्रवाळ, सगळं पाण्याच्या पिंपांसकट. चारी बाजूंनी ऊस, मधे आपलं घर, घरात समुद्र. उन्हाळ्यात पाणी तापायला लागलं की तू त्यात बर्फाच्या बाटल्या सोडायचास. वीज गेली की इन्व्हर्टरवर आधी टँकचा पंप चालायचा, मग वहिनींच्या डोक्यावरचा पंखा. त्याबद्दल त्यांनी तुला अजून माफ केलेलं नाही, हे जाता जाता सांगून ठेवते.

पहिल्यांदा बघायला आले तेव्हा तू पाण्याचा खारटपणा मोजत होतास. आणि कशाने, तर ऊस तोडणीला आला की नाही ते रसातल्या साखरेवरून बघायच्या ब्रिक्सच्या दुर्बिणीने! रसाचा थेंब टाकायच्या जागी समुद्राचा थेंब टाकलास, डोळा लावलास आणि गंभीर चेहऱ्याने म्हणालास, "चार. ह्यो ऊस कारखाना घेणार न्हाई." मग मी तुला खारटपणाची वेगळी पट्टी असते ते समजावून सांगितलं आणि तू माझ्याकडे बघत म्हणालास, की पारनेरच्या लोकांना टँकरचं पाणी ठाऊक, त्यांनी समुद्राचं कशाला सांगावं. पण दुसऱ्या दिवशी योग्य पट्टीची दुर्बीण मागवलीस. तुझं हे असंच होतं. ऐकायचास सगळं, कबूल काही करायचा नाहीस. आणि मी तुझीच बहीण.

चांदण्या दिसल्या त्या पहिल्या पावसाळ्यात. काचेवर आतून चिकटलेल्या, तुरीच्या डाळीएवढ्या, मळकट पांढऱ्या. कुणी आणल्या नव्हत्या, दगडांच्या फटींत बसून पुण्याहून फुकट आल्या होत्या. तू मला फोटो पाठवलास. मी लगेच सांगितलं, तारामासा, कंटकचर्मी संघ, पाच हात. तू म्हणालास, मोजून बघ. मोजले तर एकीला सहा, एकीला चार, एकीला सात. काही हात लांब, काही नुसते कोंबाएवढे. मी सांगितलं की आजारी असतील, नाहीतर मासे कुरतडत असतील. पुस्तकातल्या आकृतीत तारामाशाला पाच सारखे हात असतात आणि ती आकृती मी फळ्यावर इतक्या वेळा काढली होती, की सहा हातांची चांदणी मला चूकच वाटली.

आता भाऊबीजेचं. ते टाळून पुढे जाता येणार नाही.

तू गावात गेला होतास. चांदण्या पन्नासेक तरी झाल्या होत्या आणि मला त्या बघवेनात. तारामासे मांसाहारी असतात, कालवंसुद्धा उघडून खातात, हे मी मुलांना शिकवलेलं. तुझी एवढी कोरलं खाऊन टाकतील म्हणून मी स्वयंपाकघरातला चिमटा घेतला, बाह्या वर केल्या आणि हाताला लागतील तेवढ्या चांदण्या ओढून काढल्या. नळाच्या पाण्याच्या वाटीत टाकल्या. गोड्या पाण्यात त्या किती वेळ टिकणार! तू आलास तेव्हा मी वाटी पुढे केली, भावापुढे ओवाळायचं ताट धरावं तशी. मला वाटलं, खूश होशील.

तू वाटीत बघितलंस. ओरडला असतास तर मला बरं वाटलं असतं, मीही ओरडले असते. तू खुर्ची ओढून बसलास आणि मला नेहमीसारखं 'बाई' न म्हणता नावाने हाक मारलीस.

"शके, वळखल्या हुत्या का आधी?"

मी म्हणाले, त्यात ओळखायचं काय? तेव्हा तू मला ती गोष्ट सांगितलीस. एवढ्या वर्षांत मला माहीत नव्हती, वहिनींनाही नव्हती. तुझा नोकरीतला पहिला हंगाम. साखर कारखान्याच्या शेतकी खात्याचा पोरगेला सुपरवायझर, हातात नोंदीचं रजिस्टर. एका शेतातला ऊस तू बांधावरूनच, नुसत्या रंगावरून ओळखलास आणि लवकर पिकणारी जात म्हणून लिहिलंस. होती उशिरा पिकणारी. तुझ्या नोंदीवर तोडणीची पाळी लागली, टोळी आली आणि उभा कोवळा ऊस आडवा झाला. शेतकऱ्याने एक कांडं तासलं, तुझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "साहेब, खाऊन बघा." तू बांधावर उभा राहून ते सगळं कांडं चावून संपवलंस. पाणीच होतं नुसतं, म्हणालास. त्यानंतर कांड्यावरचा कोंब फुटायचा डोळा, कांडी आणि पानाच्या देठावरची टोचरी लव, कूस, हाताने चाचपल्याशिवाय तू कुठल्याही उसाचं नाव लिहिलं नाहीस. रंग पाण्याप्रमाणे बदलतो, डोळा बदलत नाही, असं म्हणायचास ते तिथून आलं होतं.

मग तू वाटीतल्या मेलेल्या चांदण्या एकेक करून कागदावर मांडल्यास आणि भिंग घेऊन बसलास. मी ओवाळायचं ताट घेऊन उभी. शेवटी वहिनींनी तुझ्या हातातलं भिंग काढून घेतलं तेव्हा ओवाळणी झाली. तेव्हाच 'चुकलं माझं' म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "करंज्या गार झाल्या."

त्याच संध्याकाळी तू कपाटातून कारखान्याचं एक कोरं रजिस्टर काढलंस, लागणीची नोंद करायचं. टँकचे गट पाडलेस. डावी काच गट एक, मधला दगड गट तीन, असे. प्रत्येक गटात चांदण्या किती, हात किती, कशावर बसल्या, काय खाताना दिसल्या. 'जात' या रकान्यात कित्येक महिने तू काहीच लिहिलं नाहीस. रविवारी फोन आला की मी डिवचायची, झालं का बारसं? तू म्हणायचास, घाई न्हाई. आधी तू दोन ढीग पाडलेस. कपारीत बसून नुसते लांब केसाळ हात बाहेर काढणाऱ्या त्या वेगळ्या, आणि काचेवर हिंडणाऱ्या चपट्या त्या वेगळ्या. केसाळ तर कधी कशाच्या वाटेला जात नाहीत, उरलंसुरलं खातात, हे तू महिन्याभरात नक्की केलंस. राहिल्या चपट्या.

आणि मग तो फोन. सकाळी मी देवपूजेला बसले होते. हॅलोसुद्धा न म्हणता तू म्हणालास, "बाई, ही लागण नव्हं. खोडवा हाय."

मला काही कळेना. तू सांगत सुटलास. डाव्या काचेवरची एक मोठी चांदणी तीन दिवस दोन्हीकडे ताणली जात होती, आज मधोमध फाटून तिच्या दोन झाल्या. अर्धी इकडे गेली, अर्धी तिकडे. म्हणजे मासे कुरतडत नाहीत, आजारही नाही. ऊस तोडला की पुन्हा लागण न करता बुडख्यातून नवे फुटवे येतात, तो खोडवा, तसं हे आहे. जुने हात लांब ते पहिल्या पिकातले, आखूड ते नवे फुटवे. म्हणून कुणाला सहा, कुणाला सात. अशा आपणहून फाटून वाढणाऱ्या, लहानच राहणाऱ्या, काचेवर हिंडणाऱ्या चांदण्यांशी पुतण्याने तुला मोबाईलवर शोधून दिलेल्या चित्रांतली एकच जात जुळत होती. तू धापा टाकत बोलत होतास. एवढा आनंद मी तुझ्या आवाजात फार थोड्या वेळा ऐकला आहे.

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "त्याला पुनर्जनन म्हणतात."

तू अगदी सरळ विचारलंस, "मंग तुमी का न्हाई वळखलं?"

मी घंटी वाजवली आणि पूजा राहिलीय म्हणून फोन ठेवला. दादा, त्या दिवशी पूजेत माझं लक्ष कुठलं लागतंय! तीस वर्षं मी तो शब्द शिकवला, त्यावर प्रश्न काढले, टिपा लिहा म्हणाले, आणि तो डोळ्यांसमोर घडत असताना चिमट्याने उपटून वाटीत टाकला. बारावीपर्यंत शिकलेल्या, आयुष्यभर उसात फिरलेल्या माझ्या भावाने तो ओळखला. रागही आला होता आणि ऊर भरूनही आला होता. यातला राग तेवढा तुझ्यापर्यंत पोचला असणार.

शेवटचा वाद तुला आठवतच असेल. उजव्या दगडावरची बटनासारखी तपकिरी कोरलं एकाएकी मिटली. तू फोटो पाठवलास, त्यात मिटलेल्या बटनांवर तीन चपट्या चांदण्या बसलेल्या. मला आयतंच सापडलं. मी म्हणाले, बघ, खातायत की नाही! सांगत होते तुला. तू म्हणालास, त्या खायला आल्या का मेलेलं साफ करायला आल्या, ते अजून ठरायचंय. मी म्हणाले, चोर घरात सापडला तरी तू त्याला पाहुणाच म्हणणार. तू म्हणालास, "पंधरा दिवस बघू. मंग तुमचं खरं."

पंधरा दिवस तुला मिळाले नाहीत.

तेराव्यानंतर मी वहिनींच्या सोबतीला राहिले. टँकचं काय करायचं हा प्रश्न होताच. वहिनी म्हणाल्या, त्यांच्याशिवाय हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. ते खरंच आहे. रोज पाणी, रोज मीठ, रोज बघणं. तुझ्या ओळखीतले संगमनेरचे दातांचे डॉक्टर, ज्यांच्याशी तू फोनवर तासन्तास कोरलांबद्दल बोलायचास, ते भेटायला आले. मोठा टँक आहे त्यांच्याकडे. सगळं न्यायला ते एका पायावर तयार झाले. मग काचेजवळ गेले आणि त्यांचा चेहरा बदलला. फार नम्रपणे म्हणाले, की एवढ्या चांदण्या असतील तर दगड तसेच नेता येणार नाहीत. सगळे ब्लीचमध्ये बुडवावे लागतील. कोरलं तेवढी कापून वेगळी करू.

ब्लीच म्हणजे दगडावर काही जिवंत राहणार नाही. चांदण्या, केसाळ हात, गुलाबी बुरशीसारखी ती पुटं, तू भिंगातून दाखवलेले किडेमुंगीएवढे जीव, सगळं जाणार. उरणार पांढरा दगड. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. या बाबतीत विज्ञानाच्या बाई काय म्हणतात, असं डॉक्टरही माझ्याकडे बघत होते. मीच तर म्हणत होते ना, खातात म्हणून. हो म्हणाले असते तर माझंच खरं झालं असतं.

मी म्हणाले, "मला पंधरा दिवस द्या."

डॉक्टर गेल्यावर मी तुझं रजिस्टर उघडलं. दादा, ते मी तोवर कधी वाचलंच नव्हतं, नुसती थट्टा करत आले. काय अक्षर, काय नोंदी! तीस वर्षं पन्नास-पन्नास मुलांच्या वह्या तपासल्यात मी, अशी एक वही मला मिळाली असती तर जन्मभर जपून ठेवली असती. शेवटून तिसऱ्या पानावर गट पाचची, म्हणजे त्याच उजव्या दगडाची नोंद होती. सोमवार: बटनं चार मिटली, चांदणी एकही नाही. मंगळवार: सात मिटली, चांदणी नाही. गुरुवार: कडेची दोन सडली, चांदण्या तीन आल्या. तू मला फोटो पाठवलास तो गुरुवारचा. आधी कोरलं मिटली, मग चांदण्या आल्या. तू हे लिहून ठेवलं होतंस आणि तरी माझ्या तोंडावर फेकलं नाहीस, कारण तीन दिवसांच्या नोंदीवर नाव लिहायचं नाही ही तुझी शपथ. 'खाणारा कोण?' असं पुढे लिहून तू जागा सोडली होतीस.

म्हणून मी तुझ्या खुर्चीत बसले. रोज सकाळी चहा घेऊन एक तास, दुपारी एक तास. चष्म्यावर भिंग. तू शिकवलंस तसं रंग बघायचा नाही असं ठरवून, बटनांच्या बुडख्याशी बघत राहिले. सहाव्या दिवशी मिटलेल्या बटनांच्या अगदी खाली, देठांत घुसून बसलेली एक गोगलगाय दिसली. काळ्यापांढऱ्या चौकड्यांची, गोल जिन्यासारखी वळत गेलेली, हरभऱ्याएवढी. ती बाहेर काढली. तिच्याखालची बटनं खालून पोखरलेली होती. आणखी दोन सापडल्या. या वेळी वाटीत गोडं पाणी नाही, टँकचंच पाणी घेतलं आणि आधी ओळखलं कोण ते. ही असली गोगलगाय बटनांवरच जगते, दुसरं काही खात नाही, असं डॉक्टरांनी फोटो बघून फोनवरच सांगितलं. तिन्ही वेगळ्या ठेवल्या. अकराव्या दिवशी मिटलेलं पहिलं बटन उघडलं. चांदण्या तिथेच, शेजारीच होत्या, काचेवरचं शेवाळ चाटत. चौदाव्या दिवशी कडेची सडलेली दोन सोडून सगळी बटनं उघडी होती. या सगळ्याच्या नोंदी मी तुझ्या रजिस्टरमध्ये तुझ्याच रकान्यांत केल्या. अक्षर तुझ्याइतकं चांगलं नाही.

काल डॉक्टर आले. सोबत पिंपं आणली होती, पण दगडाला हात लावण्याआधी मी त्यांच्यासमोर रजिस्टर ठेवलं. ते उभ्यानेच वाचायला लागले, मग बसले. एका पानावर बराच वेळ थांबले. तिथे 'जात' या रकान्यात तू शेवटी लिहिलं होतंस, 'ॲस्टेरिना, असावी', आणि त्यापुढे 'प्रकार' मध्ये, खोडवा. डॉक्टर शेतकऱ्याचाच मुलगा. त्यांनी ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाले, गेली पाच वर्षं या चांदण्यांवर इंग्रजीत पानंच्या पानं वाचतोय बाई, आणि हा एक शब्द सुचला नाही. ब्लीचची बाटली त्यांनी गाडीतून काढलीच नाही. दगड ओल्या पोत्यांत गुंडाळून, चांदण्यांसकट, हलक्या हातांनी पिंपांत ठेवले. रजिस्टरही मागितलं. मी दिलं नाही, फोटो काढू दिले.

निघताना त्यांनी विचारलं, "ही ओळख पटवली कुणी? तुम्ही? तुमचा विषयच तो."

मी म्हणाले, "माझ्या भावानं. मी तर मारायला निघाले होते. मी चुकले होते, त्याचंच बरोबर होतं."

"फोनवर कोरलांपलीकडे कधी बोलणंच झालं नाही आमचं. ते काय, प्राणिशास्त्राचे होते का?"

"नाही," मी म्हणाले. "उसाचे."

दादा, एवढ्या अभिमानाने मी माझी स्वतःची पदवीसुद्धा कधी कुणाला सांगितली नव्हती.

गाडी वळून गेल्यावर वहिनी दारातच उभ्या राहिल्या. डोळे पुसले आणि म्हणाल्या, "वन्सं, हे तुमी त्यांच्या म्होरं म्हणला असता, तर चार दिवस गावभर सांगत फिरले असते."

तर आता फीर, दादा. पारावर सांग, कारखान्याच्या गेटवर सांग, वर जे कुणी भेटतील त्यांना थांबवून सांग. बाई चुकल्या म्हणून सांग. माझं नाव घेऊन सांग.

तुझी,
शकी